रेडिओचं बटण

चष्मेवाल्यांनी अर्ध्या गावाच्या नाकावर चष्मे चढवले, पण स्वतःचे डोळे कधी कोणाला तपासू दिले नाहीत. तपासू दिले असते तरी फायदा नव्हता. दुकानाच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्यांना वरपासून खालपर्यंत तोंडपाठ होता. तळाची मुंगीएवढी ओळ तर ते उलटीसुद्धा म्हणत. मुलीने दुकान हाती घेतल्यावर एकदा त्यांना आग्रहाने तपासणीच्या खुर्चीत बसवलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून अख्खा तक्ता म्हणून दाखवला.

"बघ. मिटूनही दिसतं," ते म्हणाले.

"बाबा, तीच तर पंचाईत आहे," मुलगी म्हणाली.

दुकान मुलीकडे गेलं आणि चष्मेवाल्यांकडे गाडी उरली. गाडी म्हणजे त्यांच्या तरुणपणी कोणाकडून तरी वापरलेली घेतलेली, गोल पाठीची, चकचकीत बंपरची. आता ती रस्त्यात थांबली की कॉलेजची पोरं 'क्लासिक, क्लासिक' म्हणत तिच्याभोवती फोटो काढायची. बायको तिला पेटी म्हणायची. "काढा तुमची पेटी," असं ती रोज संध्याकाळी म्हणायची, आणि दोघं तळ्यापर्यंत फेरी मारून यायची. हा नेम कित्येक वर्षांचा होता.

या नेमावर गदा आणली ती शेजारणीच्या कुंडीने. एका संध्याकाळी चष्मेवाले फाटकातून गाडी आत घेत होते. तेव्हा वेगाचा काटा दिसावा म्हणून ते स्टिअरिंगवर इतके वाकले, की समोरचं फाटक दिसायचं राहून गेलं आणि कुंडी फुटली. शेजारीण बाहेर आली. ती नुसती फुटक्या कुंडीशेजारी उभी राहिली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मुलीने त्याच दिवशी किल्ली काढून आपल्या पर्समध्ये टाकली.

"माझे डोळे ठणठणीत आहेत," चष्मेवाले म्हणाले. "डायलचे दिवेच मंद झालेत. काटा आहे का नाही तेच कळत नाही."

"म्हातारपणी सगळ्यांनाच दिवे मंद वाटतात. दुकानात रोज ऐकते मी हे."

"मग मी काय गिऱ्हाईक आहे का तुझं?"

"गिऱ्हाईक असता तर आधी तपासलं असतं. तक्ता तुम्हाला पाठ. मी तपासू कशावर?"

यावर पदराशी चाळा करत बसलेली आई मध्ये बोलली. "बल्ब बदलून बघू दे की त्यांना. रविवारी संध्याकाळी तू मागे बस. काटे वाचता आले तर किल्ली त्यांची, नाही आले तर तुझी. हाय काय नि नाय काय."

बायको आपली बाजू घेतेय म्हटल्यावर चष्मेवाल्यांना जरा संशयच आला. पण किल्लीचा प्रश्न होता, त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजमध्ये शिरले. आधी बॅटरीची तार सोडवली. मग डॅशबोर्डखाली पाठीवर आडवे झाले आणि वेगाच्या डायलमागची केबल हात वाकडा करून फिरवत फिरवत मोकळी केली. हात इतका वाकडा झाला की तो आपलाच आहे ना, असं त्यांना वाटायला लागलं. डायल पुढे ओढल्यावर मागे इवलेसे बल्ब होल्डरमध्ये बसलेले दिसले. काचा आतून काजळलेल्या. "बघा चोर," ते स्वतःशीच म्हणाले. नवे बल्ब बसवले, पितळी टोकं पॉलिशच्या कागदाने घासली. आयुष्यभर लोकांच्या चष्म्याच्या काचा पुसल्या त्याच मऊ फडक्याने डायलची काचही पुसली. मग बॅटरी जोडली, शटर खाली ओढून अंधार केला आणि दिव्यांचं बटण ओढलं.

डायल उजळले, म्हणजे असतील उजळले. चष्मेवाल्यांना मात्र पूर्वीसारखाच शिळ्या चहासारखा उजेड दिसला, फार तर त्यात चमचाभर दूध पडल्यासारखा.

त्यांनी बटण आत ढकलून पुन्हा ओढलं. उजेड तेवढाच. बल्ब नवे, काच साफ, मग राहिलं काय? दुकानात समोर बसलेल्या माणसांना त्यांनी किती सहज सांगितलं होतं, 'नंबर वाढलाय हं, घाबरायचं काही नाही.' घाबरायचं असतं, हे त्यांना त्या खुर्चीच्या अलीकडे उभं राहून कधी कळलं नव्हतं. तक्ता पाठ करून ठेवला होता तो तरी कशासाठी, याचाही त्यांना त्या अंधारात अंदाज आला. तो त्यांना आवडला नाही.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "बदलले बल्ब?"

"बदलले."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि गुणगुणत आत गेली. तिची ती बेफिकिरी पाहून चष्मेवाले आणखीच धास्तावले.

आता लबाडीशिवाय इलाज नव्हता. पेट्रोलची टाकी गच्च भरायची, म्हणजे तो काटा न बघता 'फुल' म्हणता येईल. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध असतो, तेही सोपं. वेग इंजिनाच्या आवाजावरून सांगायचा. पण आवाज आणि आकडा यांची सांगड घालून देणारं कोणी हवं होतं. म्हणून दिवे जरा जास्त ताकदीचे मिळतात का ते बघायचं निमित्त करून त्यांनी ठिणगीला गॅरेजमध्ये बोलावून घेतलं.

ठिणगी त्यांचा शाळेपासूनचा मित्र. गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं त्याचं. लहानपणी घरातला फ्यूज उडवल्यापासून त्याला हेच नाव पडलं होतं, आणि चष्मेवाल्यांना तो भिंग म्हणायचा.

"जास्त ताकदीचे बल्ब लावलेस तर डायलचा रंग भाजेल, भिंगा," ठिणगी म्हणाला. "थांब, करंट किती येतोय बघू."

त्याने तपासणीचा दिवा लावून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि तारेचा माग काढत पलीकडच्या सीटसमोर डोकं घातलं. तिथे डॅशबोर्डखाली गुडघ्याजवळ एक छोटं काळं बटण होतं. त्यावरची खूण पुसून गेली होती.

"हे कशाचं?"

"ते रेडिओचं," चष्मेवाले म्हणाले.

"गाडीत रेडिओ आहे?"

"नाही ना. म्हणून तर त्याला कोणी हात लावत नाही."

ठिणगीने बटण धरलं आणि शेवटपर्यंत फिरवलं. डायल असे पेटले की चष्मेवाल्यांनी मान मागे घेतली. आकडे दिसले, काटे दिसले, आकड्यांमधल्या रेघा दिसल्या. आजवर गाडी किती चालली ते सांगणाऱ्या खालच्या बारक्या खिडकीतले अंकही त्यांनी मोठ्याने वाचले.

"डायलचा उजेड कमीजास्त करायचं बटण आहे हे," ठिणगी म्हणाला. "कोणीतरी पार खाली पिळून ठेवलंय. तुला इतक्या वर्षांत माहीत नाही?"

"माझ्या बाजूला नाही ते," चष्मेवाले म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले.

मग ते होतं कोणाच्या बाजूला? रोज फेरीला निघताना बायको सीटवर बसायची आणि 'थांबा, चपलेचा पट्टा सुटला' म्हणून खाली वाकायची. जगात इतका सुटणारा पट्टा दुसरा नसेल. आणि हे सुरू झालं ते तळ्यापलीकडच्या सरळ रस्त्यावर त्यांनी एकदा गाडी दामटली त्यानंतर. 'सत्तर... पंचाहत्तर... ऐंशी बघ,' असं ते ओरडत होते आणि ही दाराची मूठ धरून म्हणत होती, 'काट्याकडे बघू नका, रस्त्याकडे बघा.' पुढे डायल मंद होत गेले आणि वेग कळेना म्हणून चष्मेवाले बेताने चालवायला लागले. नवरा शहाणा झाला असं ती मैत्रिणींना सांगायची.

"वहिनी?" ठिणगीने विचारलं. तो पोट धरून हसत होता.

"हसू नकोस. बटणाच्या दोन्ही तारा थेट एकमेकींना जोड. ते नुसतं फिरलं पाहिजे, उजेडात फरक पडता कामा नये. आणि आधी होतं तिथेच परत पिळून ठेव. रविवारी वाकू दे तिला पाहिजे तेवढं."

रविवारी संध्याकाळी मुलीने फेरीपुरती किल्ली दिली आणि ती मागे बसली. बायको पुढे बसली आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाली, "थांबा, पट्टा सुटला."

"सावकाश होऊ दे," चष्मेवाले गोड आवाजात म्हणाले. ती वर आल्यावर त्यांनी दिवे लावले. डायल लखलखले. त्यांनी तिरक्या नजरेने बायकोकडे पाहिलं. खोड मोडल्यावरचा तिचा चेहरा त्यांना बघायचा होता. ती तर शांतपणे हसत होती.

तळ्यापर्यंत मुलगी मागून विचारत राहिली आणि ते सांगत राहिले. "वेग?" "अडतीस." "पेट्रोल?" "अर्ध्याच्या जरा वर." मुलगी पुढे वाकून ताडून बघायची आणि मागे टेकायची. घरी आल्यावर तिने किल्ली त्यांच्या हातातच राहू दिली.

"मान गये, बाबा. बल्बच होते."

"बल्बच होते," आई म्हणाली.

"तरी उद्या दुकानात येतो मी," चष्मेवाले म्हणाले. "मला पाठ नसलेला तक्ता लाव."

"या. पण डोळे उघडे ठेवून," मुलगी म्हणाली.

दोघी घरात गेल्यावर चष्मेवाल्यांनी डॅशबोर्डखाली हात घालून ते बटण चाचपलं. ठिणगीने खाली पिळून ठेवलेलं बटण आता पार वर होतं, शेवटच्या टोकापर्यंत. ती आज उजेड कमी करायला वाकलीच नव्हती. बल्ब बदला असं सुचवतानाच तिने हे ठरवलं असणार: श्रेय बल्बला, किल्ली नवऱ्याला. ते गॅरेजमध्ये एकटेच उभे राहून हसले. मग जरा ओशाळले, आणि पुन्हा हसले. तिला काही सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या खुर्चीत त्यांना अगदी किरकोळ नंबर निघाला. संध्याकाळी नाकावर नवा चष्मा चढवून त्यांनी गाडी बाहेर काढली, दिवे लावले. फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच बायको म्हणाली, "थांबा, पट्टा सुटला."

ती वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली. वर आली, डायलकडे बघितलं, कपाळाला आठी घातली आणि पुन्हा वाकली. डायल तसेच लखलखत होते. चष्मेवाल्यांनी काटा पस्तिशीच्या पुढे जाऊ दिला नव्हता, आणि सरळ रस्त्यावरही जाऊ देणार नव्हते.

तळं जवळ आलं तेव्हा तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, हे खालचं काळं बटण कशाचं हो?"

"ते?" चष्मेवाले रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "रेडिओचं."