देठ मोडलेले आंबे

लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच रस खायला येणार होती. आमच्या सावली गावाकडे नव्या व्याह्यांना उन्हाळ्यात रस आणि काडीवर वळलेल्या कणकेच्या सरगुंड्यांचं जेवण द्यावंच लागतं, आणि रस बिघडला तर टोमणे पोरीच्या वाट्याला येतात. म्हणून आंब्यांचा माच, म्हणजे अढी, मी स्वतःच लावायला घेतला. तणसात आंबे पिकवायला अक्कल ती काय लागते, असा माझा समज होता. असे समज माझ्याजवळ पुष्कळ आहेत.

आंबे चिकानं माखलेले, प्रत्येकाला देठ. मला स्वच्छतेचा झटका आला. देठ मोडले, चीक काढला, सगळे एकाच टपातल्या पाण्यात घासून ओलेच तणसात दडपले.

"काऊन जी, देठ काऊन मोडून राह्यले?" बायकोनं विचारलं.

"पाहुण्यांपुढं इज्जत राह्यली पाह्यजे."

"अन् हे ओले आंबे?"

"तुले नाई समजत."

काही दिवसांनी माच उघडला तर मोहाच्या दारूसारखा भपकारा. आंबे देठाकडून काळे, बोट लावलं की आत.

मग मी वाचलं. माझं वाचन नेहमी नुकसानीनंतर सुरू होतं. बुरशी म्हणे झाडावरच आंब्यात शिरून गप्प बसते, एखाद्या पुढाऱ्यासारखी. कच्च्या आंब्याच्या सालीत आणि चिकात तिला मारक द्रव्यं असतात, म्हणून तिचं काही चालत नाही. फळ पिकू लागलं की ती द्रव्यं कमी होतात आणि ही हातपाय पसरते. मी तर चीक आधीच ओतून दिला, देठाशी दार उघडं ठेवलं आणि वर पाणी पाजलं.

उरल्यासुरल्या आंब्यांचा वाटीभर रस निघाला. तो जावयाला, बाकीच्यांना सरगुंड्यांवर गुळवणी.

"व्याहीभाऊ, रस कुठी हाय?" विहीणबाईंनी विचारलं.

इथं गप्प बसायचं होतं. पण ताजं वाचन! "बाई, बुरशीचं असं असते," म्हणत मी देठाकडची सड, काळं पाणी, आत जाणारं बोट, सगळं रंगवून सांगितलं. जावयानं वाटी हळूच दूर सारली.

"राहू द्या भाऊ," विहीणबाई म्हणाल्या. "सुनेले माच म्या शिकवीन. बापावर गेली नसन तं शिकन."

लेक वाटी उचलून आत गेली, आणि निघताना पाया पडली ती फक्त आईच्या.