सुएनोचा हात, तोराओचं तोंड

सोदेहामाला संध्याकाळची गाडी आली की स्टेशनातून जी माणसं बाहेर पडतात ती भुकेली नसतात. भुकेला माणूस समोर दिसेल त्या दुकानात शिरतो, शेवयांचा वाडगा मागवतो आणि भुरके मारत संपवतो. ही माणसं फोनमध्ये तोंड खुपसून, चाकांच्या बॅगा खडखडवत थेट तोराओ ओचीच्या खाणावळीपुढे जाऊन रांग लावतात. आत गेल्यावर चार शिव्या खायला मिळणार म्हणून चेहऱ्यावर आनंद असतो. माझं केस कापायचं दुकान बरोबर समोर आहे. काचेतून मी हा तमाशा इतकी वर्षं बघितलाय की आता गिऱ्हाइकाच्या मानेवरची कात्रीसुद्धा थांबत नाही.

खाणावळ तोराओच्या आईची. म्हातारी कष्टाळू होती. तिच्या मागे गादीवर बसला तोराओ, म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. चुलीपुढे उभी राहायची त्याची बायको, सुएनो. समोरच्या बेटावरची, सार्डिन वाळवणाऱ्यांच्या घरातली मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा बोटांना मासळीचा वास आणि तोंडात जेमतेम चार शब्द. सासूने तिला कच्च्या तांबोशी माशाचा भात शिकवला. तांबोशीचे पातळ काप, सुक्या बारीक मासळीचं पाणी, सोया, थोडी साके म्हणजे तांदळाची दारू, वर कच्चं अंडं, आणि हे सगळं वाफाळत्या भातावर. सासूच्या भातात नव्हती ती एक गोष्ट सुएनोने आपल्या मनाने घातली: हिवाळ्यातल्या संत्र्याची वाळवलेली साल, चिमटीभर. आम्ही शेजारी गल्ला बंद केल्यावर तिच्याकडे जाऊन तो भात खायचो. त्याची कुणी स्तुतीबिती केली नाही. वाडग्यात काही उरायचं नाही, एवढंच.

तोराओ काय करायचा? तोराओ बोलायचा. रेल्वेने केव्हातरी या किनाऱ्याची भिंतीवर लावायची चित्रं छापली, त्यात एक समुद्री चाचा दाखवला होता. बस्स, त्या दिवसापासून तोराओचे पूर्वज चाचे झाले. नावेवर विस्तव पेटवायची सोय नव्हती म्हणून ते मासा कच्चा खायचे, साकेच्या वाडग्यातच भात कालवायचे, अमुक आणि तमुक. त्याचा आजा माझ्या आजोबांबरोबर गोदामात पोती उचलायचा, आणि त्या काळी तांबोशी आमच्या कुणाच्या तोंडाला लागत नव्हती. चांगला मासा ओसाकाला जायचा, आमच्या वाट्याला डोकी आणि काटे. पण हे सांगून रांग लागते थोडीच.

निळ्या जाड कापडाचा अंगरखा चढवून, कपाळाला पंचा बांधून तो गिऱ्हाइकांच्या डोक्यावर उभा राहायचा. आधी अंडं फेटा. असं नाही, तसं. भाताला आधी हात लावायचा नाही. सोया वरून मागायची नाही. एका बाईने चमचा मागितला तर तिला म्हणाला, पलीकडच्या गल्लीत इस्पितळ आहे, तिथे चमच्याने भरवतात. बाई रडवेली होऊन निघून गेली असेल असं तुम्हांला वाटेल. छे! तिने त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. कुठल्याशा मासिकात ‘हट्टी म्हातारा’ म्हणून त्याच्यावर पानभर मजकूर आला, आणि मग तर विचारूच नका. टोकियोची माणसं विमानाचं तिकीट काढून या म्हाताऱ्याकडून अपमान करून घ्यायला यायला लागली. सुएनोचं नाव त्या पानात कुठेच नव्हतं. पडद्याच्या खालून तिच्या रबरी चपला तेवढ्या छायाचित्रात आल्या होत्या.

मी ते पान तिला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, चपला धुवायला हव्या होत्या.

तिला राग येतच नाही असं मला त्या वेळी वाटायचं. तसं नव्हतं. तिला एका गोष्टीची खात्री होती, आणि त्या खात्रीवर ती तगून होती. माणसं तोंडाने तोराओचं काही का ऐकेनात, जिभेला तिचा हात कळतो, असं ती धरून चालली होती. पाण्यात बारीक मासळी जरा जास्त वेळ राहिली तर ती अख्खं पातेलं ओतून द्यायची. तोराओ कुरकुरायचा, तर म्हणायची, त्यांना कळतं.

एका पावसाळी सकाळी बंदराच्या पायऱ्यांवर शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. डॉक्टरांनी पुढचे काही आठवडे सुरीला हात लावायचा नाही असं बजावलं. मी तोराओला सांगितलं, खाणावळ बंद ठेव, नाहीतर बेटावरून तिच्या बहिणीला बोलाव. पण मेव्हणी पडद्याआड गप्प बसणारी नव्हती, ती स्वयंपाकघरात आली तर चाच्यांचं बिंग फुटायचं. शिवाय त्या महिन्यात ओसाकाचे दोन मोठे गट यायचे होते. तोराओने अंगरख्याच्या बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, माझ्या रक्तातच आहे ते.

रक्तात काय होतं ते पहिल्याच दिवशी दिसलं. त्याला मासा पातळ कापता येईना, म्हणून त्याने बोटभर जाड तुकडे केले आणि फळ्यावर लिहिलं: ‘चाच्यांचा काप’. मासळीचं पाणी काढायचा कंटाळा, म्हणून घाऊक बाजारातून तयार रसाचे डबे आणले. तो रस खारट, म्हणून साखर. गोड झाला, म्हणून परत सोया. ताजी तांबोशी निवडायला पहाटे उठावं लागतं, तर बर्फातली खोकी मागवली. शेजारधर्म म्हणून मी एक वाडगा खाल्ला. अर्धा खाल्ला म्हणा. उरलेला मांजरापुढे ठेवला, तर मांजराने वास घेऊन माझ्याकडे असं बघितलं की मलाच शरम वाटली.

सुएनो वरच्या खोलीत बसून खालची चाहूल घेत होती. तिला वाटत होतं, आता आवाज चढतील, कुणीतरी पैसे परत मागेल, कुणीतरी विचारेल की आज काय झालंय. मला तिने तसं बोलून दाखवलं होतं, जरा मजेतच. निदान दोन दिवसांत त्याचं नाक खाली होईल, म्हणाली.

कुणी काही विचारलं नाही. रांग तेवढीच. आतून तेच ‘वा, वा’. तोराओचा आवाज उलट जास्तच चढला. गाढवाला गुळाची चव काय, असं आपण म्हणतो, पण गाढव निदान गूळ खाल्ल्यावर कविता करत नाही.

मग कुसाका आला. हा टोकियोचा खाद्यलेखक. प्रवासात संध्याकाळी कुठल्या गावात काय खावं आणि ते कुणाकडे खावं, यावर पुस्तकं काढणारा. मऊ हात, गळ्यात रेशमी रुमाल, घास तोंडात घेतल्यावर डोळे मिटायची सवय. आधी दोनदा येऊन सुएनोच्या हातचं खाऊन गेला होता, आणि आता नव्या पुस्तकासाठी तिसऱ्यांदा आला होता. त्या संध्याकाळी मी सुएनोचे केस धुवायला गेले होते. एका हाताने तिला जमत नव्हतं. जिन्यावरून आम्हांला दोघींना सगळं ऐकू येत होतं.

कुसाकाने घास घेऊन डोळे मिटले असणार. मग तो म्हणाला, या वेळी भातात एक वेगळीच खोली आहे. खडबडीत. समुद्रासारखी.

सुएनोने डोक्याला ओला पंचा गुंडाळला आणि तशीच खाली उतरली. मी मागोमाग. तिने कुसाकाला लवून नमस्कार केला आणि म्हणाली, मी तोराओची बायको. स्वयंपाक मी करते. सध्या हात मोडलाय म्हणून हे करतायत.

कुसाकाचा चेहरा उजळला.

“तरीच!” तो म्हणाला. “बाई, रागावू नका, पण तुमच्या हाताला जरा गोडवा होता. घरगुती. आता खरी अस्सल चव आलीय.”

तोराओने माझ्याकडे बघितलं नाही, तिच्याकडेही नाही. फळ्याकडे बघत होता. सुएनोने डाव्या हाताने कुसाकाच्या वाडग्यातला एक तुकडा उचलला, तोंडात टाकला, सावकाश चावला आणि गिळला. थुंकून टाकला असता तर मला बरं वाटलं असतं.

“खा,” ती त्याला म्हणाली. “भात थंड झाला की हे गिळवणार नाही.”

कुसाका मोकळेपणाने हसला. त्याला वाटलं, हट्टी म्हाताऱ्याची बायकोही तसलीच. पुढे त्याच्या पुस्तकात हे वाक्य आलं, पण तोराओच्या तोंडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दुकानात येऊन खुर्चीत बसली. केस कापायचे नव्हते. म्हणाली, “कोतोए, त्याला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“वाईट झालंय ते. काल रात्री मी विचारलं. म्हणाला, मला काय जीभ नाही? मीच पहिल्या दिवसापासून वर येऊन शेजारी तुझ्यासाठी ठेवून जातात ती पेज खातोय.”

“मग त्या लोकांना काहीच बोलला नाही?”

“मीही तेच विचारलं. तर म्हणाला, सांगितलं असतं तर आले नसते.”

ती आरशात बघत बसली. मग म्हणाली, “त्याचं सोड. तो पहिल्यापासून तसाच. पण मी कुणासाठी पातेली ओतून देत होते, सांग ना?”

मी हातातली कात्री खाली ठेवली. तोराओला कच्चा खावा असं वाटलं. त्याच्याच पद्धतीचे जाड काप करून.

प्लास्टर निघाल्यावर तोराओने तिची सुरी धार लावून चुलीपाशी ठेवली होती. माफी मागायची त्याची तेवढीच ऐपत. तिने सुरी उचलली, कापडात गुंडाळली आणि गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. घरात भांडण झालं नाही. तोराओ दोन दिवस दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की बायकांना म्हातारपणी लहर येते. तिसऱ्या दिवशी गट आला आणि तो चाच्यांकडे वळला.

शाळेत जवाच्या मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या खारट वाटणाचं, पातळ कालवण, उकडलेली रताळी, तळलेल्या मासळीच्या वड्या, असलं साधं करावं लागतं. पहिल्या आठवड्यात मुलांनी तिचं कालवण निम्मं तसंच परत पाठवलं. ती माझ्याकडे आली तेव्हा तोंडभर हसत होती. मला वाटलं, डोकं फिरलं हिचं.

“आवडलं नाही त्यांना,” ती म्हणाली. “मिसो जास्त झाली होती. मला चाखताना शंका आलीच होती.”

तिने मिसो कमी केली. हल्ली पातेली रिकामी येतात, आणि ज्या दिवशी येत नाहीत त्या दिवशी ती घरी येईपर्यंत कारण शोधत असते. संत्र्याची साल तिने तिथेही घातली. एका पोराने ‘यात कचरा आहे’ म्हणून तक्रार केली. तेही तिने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं.

कुसाकाचं पुस्तक निघालं. सोदेहामाच्या पानावर तोराओ, हाताची घडी, कपाळाला पंचा. आता पडद्याखाली चपलाही दिसत नाहीत. रांग गल्लीच्या टोकापर्यंत जाते, माझं दार अडतं, मी हाकलते, तर त्यांना वाटतं हाही इथल्या रिवाजाचा भाग आहे. एकाने तर माझाच फोटो काढला.

खाणावळीचा दिवा मालवला की तोराओ जिना चढतो. वर सुएनोने झाकून ठेवलेलं जेवण असतं. तो खाली मान घालून खातो, आणि वाडगा पुढे करून आणखी मागतो. ती वाढते. त्या वेळी तो एक शब्द बोलत नाही, असं ती सांगते.