बोक्याचा पट्टा

मास्तरांनी आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. ते गाड्यांच्या सीटा शिवायचे, आणि शिवणारा माणूस म्हणून गल्लीनं त्यांना मास्तर करून टाकलं होतं. दुकान म्हणजे एक शटर, आत फोमचे तुकडे, रेक्झिनच्या गुंडाळ्या, आणि कोपऱ्यात एक जुनी जड मशीन. ती चालू झाली की शेजारच्या औषधवाल्याच्या बाटल्या फळीवर किणकिणायच्या. एकतीस वर्षं मास्तर त्या मशीनवर बसले. त्यांची शिलाई इतकी सरळ की लोक म्हणत, पट्टी लावून बघा, पट्टीच वाकडी निघेल.

कामात खोट नव्हती, पण माणसात एक होती. प्रत्येक गोष्टीला ‘उद्या’. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहिलं की काम व्हायचं. घरचं काम मात्र कायम उद्यावर. स्वतःच्या घरातला सोफा आठ वर्षं फाटका होता. बायको आल्यागेल्याला सांगायची, “लोकांच्या बुडाखाली मखमल आणि आमच्या नशिबी स्पंज!” मास्तर हसायचे. हसून वेळ मारून न्यायची कला त्यांना चांगली साधली होती.

एकुलती एक मुलगी त्याच गावात दिलेली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, जावई पाण्याचे पंप बसवणाऱ्या कंपनीत. मूल नव्हतं. मग एकदा गटाराच्या कडेला सापडलेलं एक तपकिरी पिल्लू तिनं ओढणीत गुंडाळून घरी आणलं. महिन्याभरात ते खाऊन खाऊन असं फुगलं की जावई म्हणाला, “हा कुत्रा नाही, बोका आहे.” तेच नाव पडलं. पशुवैद्य बाईंच्या दवाखान्यात “बोका कोण?” असा पुकारा झाला आणि मुलगी कुत्रा घेऊन उठली, की सगळी बाकं हसायची.

बोक्याला गाडीत बसायचा भारी शौक. पण मागच्या सीटवर तो टिकत नसे. दोन सीटांच्या मधून घुसून पुढे यायचा, कधी खिडकीतून डोकं बाहेर काढायचा, कधी सरळ तिच्या मांडीवर. एक दिवस मुलगी दुकानात आली.

“बाबा, याला गाडीत मागं बांधायला एक पट्टा शिवून द्या ना. छातीवरून येणारा. बाजारातले आणले, ते दोन दिवसांत कुरतडतो.”

“कुत्र्याला पट्टा? उद्या म्हणशील, चष्मा शिवून द्या!”

ती हसली. पण पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तिनं मापं लिहून ठेवली होती: छातीचा घेर, मानेपासून कंबरेपर्यंतची लांबी. तो तुकडा मशीनच्या खणात टाकून गेली. पंधरा दिवसांनी तिनं परत विचारलं. तिसऱ्यांदा फोनवर म्हणाली, “बाबा, तुमचा उद्या उजाडणार तरी कधी?”

“रविवारी. नक्की.”

त्या दिवशी बुधवार होता.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास ती बोक्याला इंजेक्शन द्यायला निघाली. नाक्यापाशी पुढचा टेम्पो एकाएकी थांबला. त्यात लोखंडी नळ्या भरलेल्या होत्या, हातभर मागं आलेल्या. ज्यांनी पाहिलं ते सांगत होते की गाडीचा वेग काही फार नव्हता, ब्रेक लागायला हवा होता. लागला नाही, कारण पहिल्याच हिसक्याला पुढच्या सीटवरचा कुत्रा घसरून तिच्या पायाशी गेला आणि पेडलखाली अडकला, आणि गाडी सरळ नळ्यांवर गेली. लोकांनी आधी तिला काढलं, मग त्याला. त्याचा मागचा एक पाय मोडला होता. तिला दवाखान्यापर्यंत नेलं, पण नेऊन उपयोग झाला नाही.

जावयानं कुत्रा बघायलाही नकार दिला. “माझ्यासमोर आणू नका त्याला,” एवढंच म्हणाला. महिन्याभरात त्यानं बदली मागून घेतली, पाच तासांवरच्या गावी गेला, घराला कुलूप लागलं. पायाचं प्लास्टर निघेपर्यंत बोका पशुवैद्य बाईंकडे होता. मग त्याचं करायचं काय, हा प्रश्न मास्तरांच्या दारात आला.

बायको म्हणाली, “बाहेर राहू दे. घरात नको.”

ती त्याचं नाव घेत नसे. ‘तो’ म्हणायची. दोन वेळचं ताट मात्र कधी चुकलं नाही. ताट जमिनीवर ठेवायची, पायानं पुढं सरकवायची आणि वळून आत जायची. बोका ती दिसेनाशी होईपर्यंत ताटाला तोंड लावत नसे.

मास्तर रोज दुकानात जात. मशीनचा तो खण त्यांनी उघडला नाही. सुया, खडू, कात्री, सगळं त्यातच होतं. त्यांनी दुसऱ्या सुया आणल्या, दुसरी कात्री आणली. मुलीनं पट्टा मागितला होता हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. लोक भेटायला येत, म्हणत, “जनावर ते, त्याला काय कळतंय. त्याच्यापायी पोर गेली.” मास्तर मान हलवत. ती मान हलवण्याची त्यांना इतकी शरम वाटायची, की पुढं पुढं कुणी आलं की ते मशीनच सुरू करायचे.

सात महिन्यांनी जावयाचा फोन आला.

“बाबा, बोका आहे का?”

“आहे.”

 मग म्हणाला, “माझ्याकडे आणून सोडाल? इथं घरी आलो की... मी न्यायला आलो असतो, पण मला त्या रस्त्यानं येववत नाही.”

“आणतो,” मास्तर म्हणाले. ‘उद्या’ म्हणाले नाहीत.

पण आणायचा कसा? बोका आता गाडीला भ्यायचा. घरासमोर मास्तरांच्या जुन्या गाडीचं नुसतं दार उघडलं तरी जमिनीला पोट लावून बसायचा आणि जागेवर मुतायचा. मास्तरांनी एकदा उचलून आत ठेवायचा प्रयत्न केला, तेव्हा तो एवढा ओरडला की आतून बायको दारापर्यंत आली, आणि दारातच थांबली.

मास्तर पशुवैद्य बाईंकडे गेले. बाई फटकळ होत्या.

“उचलून कोंबलात तर वाटेत खिडकी फोडेल, नाहीतर तुमचा गळा धरेल. घाई आहे?”

“नाही.”

“मग सवय लावा. गाडी बंद, दारं चारही उघडी. खाणं गाडीजवळ ठेवा. चार दिवसांनी गाडीच्या दारात, मग सीटवर. आत बसायला लागला की दार लावा. मग इंजिन चालू करा, पण हलू नका. मग एक गल्ली. घाबरला की एक पायरी मागं. महिना लागेल, दोन लागतील. आणि बसवायचा मागं, पट्टा छातीला. गळ्याला बांधलात तर हिसक्यात मान जाईल.”

पट्टा. मास्तर उठले.

दुसऱ्या दिवशी ते भंगारवाल्याकडे गेले. मुलीची गाडी तिथंच, मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली. पुढचा भाग बघू नये म्हणून ते मागून गेले, पण आतलं कव्हर दिसलंच. निळ्या रंगाचं, दुहेरी शिलाईचं. त्यांनीच शिवलेलं, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. गिऱ्हाइकांच्या रांगेत तिनं त्या गाडीचा नंबर लावून घेतला होता म्हणून वेळेवर झालं होतं.

मागच्या सीटचा पट्टा त्यांनी ओढून पाहिला. मागं कधी कुणी पट्टा लावून बसलंच नव्हतं. पट्टा कोरा होता, कडक. भंगारवाला म्हणाला, “मास्तर, नवा घ्या की बाजारातून. हा कशाला?”

“हा चांगला आहे,” मास्तर म्हणाले आणि कापला.

त्या दिवशी त्यांनी खण उघडला. पुठ्ठ्यावरची मापं वाचली. बोका आता तेवढा लठ्ठ उरला नव्हता, घेर चार बोटं कमी करावा लागला. छातीच्या भागाला आतून फोम आणि मऊ कापड, वर तो पट्टा, जोडाच्या ठिकाणी चौकोनात फुलीची शिलाई. पट्ट्याचं बकलात बसणारं टोक तसंच ठेवलं. पहिला शिवला तो काखेत काचला असता, उसवला. दुसरा पाठीवर सरकत होता, उसवला. एकतीस वर्षांत त्यांनी स्वतःची शिलाई कधी उसवली नव्हती. तिसरा शटरच्या खांबाला अडकवून ते सगळं अंग टाकून मागं लोंबकळले. औषधवाला बाहेर येऊन बघत राहिला. हसला नाही.

दीड महिना लागला. रोज सकाळी मास्तर गाडीची दारं उघडून सीटवर उकडलेलं अंडं ठेवायचे आणि स्वतः पुढं पेपर वाचत बसायचे. पेपर कसला, एकच पान. नवव्या दिवशी बोक्यानं पुढचे दोन पाय आत ठेवले. सोळाव्या दिवशी आत आला, अंडं घेतलं आणि पळाला. इंजिन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मास्तर चिडले नाहीत. त्यांना वाटायचं, हे जेवढं लांबेल तेवढं बरं. आणि लगेच वाटायचं, पुन्हा तेच. पुन्हा उद्यावर ढकलणं.

शेवटी ऊन्ह चढायच्या आत, उजाडता उजाडता निघायचं ठरलं. रात्रीपासून बोक्याला खायला दिलं नव्हतं, फक्त पाणी. सीटवर जुनी चादर, शेजारी त्याची मळकी सतरंजी, ओळखीच्या वासाची. बायको दारात उभी होती.

“येतेस?” मास्तरांनी विचारलं.

“नको.”

गावाबाहेर पडायला तोच नाका लागायचा. लांबचा एक रस्ता होता, पण तो खड्ड्यांचा. मास्तर नाक्याकडे वळले. बोका खिडकीच्या काचेला नाक लावून बाहेर बघत होता. त्याला ती जागा कुठल्याही जागेसारखीच. मास्तरांना मात्र पुढं जाववेना. गाडी कडेला घेतली. मागून एक दुधाची गाडी भोंगा वाजवत गेली. पाच मिनिटांनी, का पंधरा, मागून बोक्यानं एकदा कुईं केलं. मास्तरांनी गाडी सुरू केली.

वाटेत तो दोनदा ओकला. मास्तर थांबले, चादर बदलली, त्याला दोरी लावून झाडाखाली फिरवलं, वाटीतून थोडं थोडं पाणी पाजलं. दहाच्या पुढं ऊन्ह तापलं. चहाच्या टपरीवर थांबले, पण बंद गाडीत त्याला ठेवणार कसं. दोरी मनगटाला गुंडाळून उभ्यानंच चहा प्यायले. टपरीवाल्यानं बोक्याच्या अंगावरचा पट्टा बघितला.

“काका, कुत्र्याला सीटबेल्ट? इथं ट्रकवाले लावत नाहीत!”

“लावा म्हणावं,” मास्तर म्हणाले.

जावयाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तो खालीच उभा होता, दाढी वाढलेली, सदऱ्याची वरची दोन बटणं नाहीत. दार उघडलं तसा बोका पट्ट्यासकट पुढं झेपावला आणि पट्ट्यानं त्याला मागं धरलं. जावयानं वाकून बकल सोडवलं. कुत्रा त्याच्या अंगावर चढला, तोंड चाटायला लागला. जावई फूटपाथवर बसला, त्याच्या मानेत तोंड खुपसून. मास्तर दुसरीकडे बघत राहिले.

वर गेल्यावर त्यांनी पट्टा टेबलावर ठेवला.

“हा तिनं मागितला होता,” ते म्हणाले. “तीनदा. मी दिला नाही.”

“माहीत आहे,” जावई म्हणाला. “मापं मीच घेतली होती. बोका हलत होता म्हणून ती त्याला धरून बसली होती.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“काय बोलणार होतो?” तो पट्टा हातात घेऊन शिलाईवरून अंगठा फिरवत राहिला. “मला तुमचा फार राग आला होता, बाबा. अजून आहे. खोटं कशाला बोलू? तिला म्हणालो होतो, जाड चामड्याचा विकत आणतो. ती म्हणाली, बाबा शिवतील.”

 जावयानं आत जाऊन भात टाकला. दोघं जेवले. निघताना मास्तर म्हणाले, “पुढच्या सीटवर घेऊ नका. किती का रडेना.”

“नाही घेणार.”

बोका जिन्याच्या तोंडापर्यंत आला आणि थांबला. मास्तर खाली उतरले.

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा बायको फाटक्या सोफ्यावर बसली होती. दिवा लावला नव्हता. मास्तर चपला काढून तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं: तीनदा मागितलेलं, रविवारचा शब्द, पुठ्ठ्याचा तुकडा. आवाज न चढवता, काही न वगळता. सांगून झाल्यावर ते थांबले. ती ओरडेल, मारेल, उठून जाईल, काहीही करेल असं त्यांना वाटलं.



“उलटी केली का त्यानं?” तिनं विचारलं.

“दोनदा.”

“पाणी पाजलंत?”

“पाजलं.”

ती उठली आणि आत गेली. त्या रात्रीपासून ती आतल्या खोलीत झोपायला लागली, मास्तर बाहेर. बोलणं बंद झालं नाही. जेवा, निघा, आलात का, एवढं चालू राहिलं. दर रविवारी ती जावयाला फोन लावायची, आणि पहिला प्रश्न त्या कुत्र्याच्या खाण्याचा असायचा. मास्तरांना फोन द्यायची नाही. ते शेजारी बसून ऐकायचे.