एसीच्या जाळीतला वाळा

कूलर सुरू झाला आणि ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला, की मला अकोल्यातलं एक गॅरेज आठवतं. मे महिना होता. बहिणीला बाळंतपणासाठी अकोल्यापलीकडच्या सासरहून अमरावतीला आणायचं म्हणून आई आणि मी जुनी हायब्रिड गाडी घेऊन निघालो होतो. तिला उन्हाची झळ लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि जाताना वाटेतच मागच्या सीटवर येणारी एसीची हवा बंद पडली. बॅटरीच गेली, असं मी मिस्त्रीला सांगितलं. त्याने पंख्याचा आवाज ऐकला, एसीच्या मागच्या जाळीत चिमटा घातला आणि वाळ्याच्या ओलसर मुळ्यांचा गुंता बाहेर ओढला. "काकू, गाडीले कूलर समजून राहिल्या काय?" आई ओशाळली. "पोरीले माहेरचा वास यावा म्हनून कोंबला, भाऊ." तो हसला. जाळी साफ करून त्याने त्यातल्याच चार मुळ्या बाहेरून दोऱ्याने बांधल्या. "घ्या, आता हवाही येते अन् वासही." बहिणीला घेऊन परतताना बाहेर काळी रानं उन्हात थरथरत होती. मूर्तिजापूर यायच्या आधीच बहीण आईच्या खांद्यावर झोपली. ती गाडी केव्हाच विकली. बहीण मात्र अजूनही मे महिन्यात येते आणि कूलर लावला, की बोलता बोलता झोपी जाते.