ताठलेला भाता

तेव्हा तिथं मी होते, सून मंगल होती, डॉक्टरीणबाई होत्या, आन् खाटेवर श्वासाच्या मशीनला लावलेला माझा लेक दत्तू होता. बाईंनी तपासायला बटण दाबून त्याचा श्वास क्षणभर आतच थांबवला. छाती तशीच वर राहिली. माझाबी श्वास अडकला. बाईंनी मशीनवरचा आकडा बघितला.

"आजी, फुफ्फुस फार ताठलंय. हवा भरायला जोर लागतोय."

मी लोहाराची बायको, जन्मभर भाता वढला. कातडं ताठलं की वढताना हाताला कळतं. मग तेल चोळायचं, की नरमतं.

"ह्याला काय चोळायचं, बाई?"

त्यांनी माझा हात धरला.

दत्तू चौथ्या दिवशी गेला.

आमचा भाता अजून चांगला आहे. कुणाला लागत असला तर घेऊन जा. मला त्याचा आवाज आता ऐकवत नाही.