म्हणे, पावसाले धरा!

हे आत्ताच्या आत्ता सांगतो, नाई त आज मले झोप येणार नाई. सकाळी गल्लीतल्या गॅरेजवाल्यानं जुनी बॅटरी फोडली अन् आतला काळा गाळ सरळ रस्त्यावर ओतला. म्या हटकलं त म्हणे, "आजोबा, पावसानं धुऊन जाते!" बस, तिथंच डोकं फिरलं.

कारण चांदा जिल्ह्यातली ती केस अजून डोळ्यासमोरून जात नाई. पन्नासचं दशक. मी नवा फौजदार, आरमोरीच्या बाजूचं ठाणं. भर श्रावणात एका गावचा पोलीस पाटील धापा टाकत आला. "साहेब, माही दुभती म्हैस गेली! आंधळी झाली अन् भिंतीवर डोकं आपटून आपटून मेली. गावातली बाकी जनावरंही मरून राह्यली. मासेमारानं तळ्यात विष टाकलं!"

त्या मासेमाराकडं तळ्याचा ठेका होता. तो रानातल्या गेळाच्या झाडाची फळं कुटून पाण्यात टाकते, मासा गुंगते, हे साऱ्यांले माहीत. संशयित म्हणून त्याले ठाण्यात आणला. हवालदार म्हणे, "दोन दंडे हाणू द्या साहेब, लगेच कबूल होते."

मासेमारानं हात जोडले. "भाऊ, त्याच तळ्याचा मासा माही लेकरं खातेत. म्या विष काऊन टाकू?"

"दंडा ठेव," म्या हवालदाराले म्हटलं. "आधी जागा पाहू."

पंचनाम्याले गेलो त तळ्यात मासे टणाटण उड्या मारून राह्यले! साऱ्या पाण्यात विष असतं त आधी मासा उलटा होते ना? अन् मेलेली जनावरं सारी एकाच कोपऱ्यात पाणी पिणारी. तिथी रस्त्याची नाली तळ्यात उतरते. नालीत राखाडी गाळ, त्यावर गुरांनी चाटल्याच्या खुणा. नाली धरून वर गेलो. रस्त्याचे खड्डे मुरमानं नाई, फुटक्या बॅटरीच्या प्लेटांनी भरलेले! गाळ तपासाले पाठवला. जनावराच्या डॉक्टरानं सांगतलं, "शिसं आहे. गुरांले गोड लागते. चाटतात अन् मरतात."

"हा भराव कोणी टाकला?" म्या पाटलाले विचारलं. त्याचं तोंडच उतरलं.

"साहेब, घरापुढं लय चिखल व्हता. म्याच सागवानाच्या ठेकेदाराले म्हटलं, तुमच्या लॉरीखान्यातलं काहीतरी टाका."

अन् ठेकेदार? बोलावला त समोर पान चघळत बसला. "म्या रस्त्यावर टाकलं. तळ्यात पावसानं नेलं. पावसाले धरा ना, साहेब!"

हवालदार हसला. माह्या अंगाची लाही लाही झाली! ठेकेदाराच्याच मजुरांकडून सारा भराव उकरून काढवला. नालीचं तोंड तळ्यापासून फिरवलं, बाजूले मोठा खड्डा खोदवला. रस्त्याचं पाणी तिथी थांबावं, गाळ तिथीच बसावा. मासेमाराले सोडलं. गुरं मरायची थांबली. कोर्टात ठेकेदाराले किरकोळ दंड झाला, तो भरून शेठ आपल्या लॉरीत बसून गेले.

पुढच्या बाजारी आरमोरीत मासेमार दिसला. टोपली माशांनी भरलेलीच, गिऱ्हाईक एक नाई. एक बाई पोराले मागं ओढत म्हणे, "तिकडं नोको जाऊ, विषवाला आहे तो."

तो माह्याकडं पाहून म्हणे, "साहेब, तुमी सोडलं. बाजारानं नाई सोडलं."

खरा गुन्हेगार पावसाकडं बोट दाखवते अन् गाव गरिबाकडं. तवापासून कुठंही गेलो त मी आधी पाहतो, रस्त्याचं पाणी कुठी उतरते. आज त्या गॅरेजवाल्याच्या हातात फावडं देऊन सारा गाळ उचलायले लावला, तवा घरी आलो.

तुमच्या गावात असं झालं का? अन् तवा तुमी कोणाले धरलं?