वळचणीला ये

आधीच सांगते, भूतबीत, नवसबिवस यातलं मला काही पटत नाही. ऑफिसात कुणी असले किस्से सुरू केले की मी चहा घेऊन उठते. पण हे माझ्या पोरीच्या जिवाचं आहे... म्हणून लिहितेय.

आम्ही दिल्लीत, सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. हिंदूराव हॉस्पिटलच्या पुढे, रिजच्या टेकडीवरच्या जंगलात एक जुना मकबरा आहे. आत कुणाची कबर, हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. कधीतरी कुणी हिरवी चादर चढवली आणि त्याचा दर्गा झाला. ऑफिसातली माझी मैत्रीण नसरीन, मूळची लातूरची, दर गुरुवारी तिथे जाते. मे महिन्यातल्या एका दुपारी मीही गेले, बरोबर माझी सहा वर्षांची मिनू.

"चपला सांभाळ, या कडुनिंबाखालून हलायचं नाही," असं मिनूला बजावून आम्ही दोघी आत गेलो. दारातून ती दिसत होती. जरा वेळ गेला आणि आंधी आली. दिल्लीची आंधी — धुळीत स्वतःचा हात दिसेना. बाहेर काडकन आवाज झाला. धावत आले तर कडुनिंबाची भलीमोठी फांदी खाली, तिच्याखाली चपला, आणि मिनू नाही! मी नुसती ओरडत होते.

"मम्मी, मी इकडे!"

मकबऱ्याच्या मागे, दगडी छज्ज्याखाली, भिंतीला चिकटून पोरगी उभी. अंगावर ओरखडा नाही. मी तिला छातीशी धरलं नि रडले, अगदी मोठ्याने.

"आजी बोलली ना, 'पोरी, वळचणीला ये'. मला समझलंच नाही. मग तिने हात पकडून आणलं. वळचण मतलब क्या, मम्मी?"

मी नसरीनकडे पाहिलं. "अगं, मी तर तुझ्या शेजारी होते," ती म्हणाली. दर्गा सांभाळणारे मुजावर म्हणाले, "आज तो सुबह से आप ही लोग आए हैं, बेटी."

आता बोला! दिल्लीत वाढलेली माझी पोर 'अंगण' म्हटलं तरी तोंडाकडे बघते. सासूबाईंचा जन्म ठाण्याच्या फ्लॅटात गेला, तिथे कसली वळचण? मी तो शब्द लहानपणी आजोळी ऐकलेला... स्वतः कधी बोललेच नाही. नवरा म्हणतो, कार्टूनमध्ये ऐकला असेल. अहो, कुठल्या कार्टूनमध्ये वळचण असते?

पुढच्या गुरुवारी मी ओटी घेऊन निघाले. करोल बागेत खण मिळेना, ब्लाउजपीसवर भागवलं.

"दर्ग्यात ओटी?" नसरीन हसली. मग स्वतःच म्हणाली, "भर, भर. आपल्याकडचीच आहे गं कुणीतरी. तिच्याशी मराठीत बोलायला येतंय कोण इथं?"

मुजावरांनी काही न विचारता गुलाब बाजूला सारून नारळाला जागा केली.

नसरीन पानिपताचं नाव काढते. मी म्हणते, उगाच काहीतरी जोडू नकोस. ती कोण, इथे कशी, मला खरंच माहीत नाही. विचारणंही सोडलंय.

परवा आभाळ अंधारून आलं. खाली मिनू मैत्रिणींना ओरडत होती, "चलो यार, वळचणीला!"

मी खिडकीतूनच हात जोडले. आजी, माझी पोर मला परत दिलीस गं.